हौदाचं झाकण

“पिशव्या ठेव त्या लिंबाखाली आणि आत उतर,” अप्पा म्हणाले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. हौदाच्या तोंडातून त्यांचं फक्त डोकं वर आलेलं होतं. कपाळावर गाळाचा पट्टा, कानाला बांधलेला गमछा. मी बाजाराला निघाले होते. पुढच्या दारातून बाहेर पडताना सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, ‘येते हो’ म्हणून ओरडून सांगितलंही होतं. घराला वळसा घालून मागच्या फाटकाकडं आले, तेवढ्यात अप्पांनी मला पाहिलं.

“बाजार उठेल, अप्पा.”

“उठू दे. घमेली भरून पडल्यात. कोपऱ्यात चीर गेलीय, ती सिमेंटनं बुजवायची. बॅटरी धरायला कुणीतरी पाहिजे.”

मी पिशव्या झाडाखाली ठेवल्या, पदर खोचला आणि बांबूच्या शिडीवरून खाली उतरले.

निलंग्याच्या आमच्या घराची ती बाग तालुक्यात प्रसिद्ध होती. आजूबाजूला उन्हाळ्यात प्यायला पाणी नसायचं, टँकरमागं बायका पळायच्या आणि आमच्याकडं डाळिंब, मोगरा, शेवंती, गुलाब! अप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या गच्चीचं सगळं पाणी पाइपानं खाली आणलं, खडी, वाळू आणि कोळशाच्या खड्ड्यातून गाळून घेतलं आणि मागच्या अंगणात जमिनीखाली हौद बांधून त्यात साठवलं. न्हाणीघराएवढा रुंद, पण दीड पुरुष खोल. वर लोखंडी झाकण. लोक बघायला यायचे. कॉलेजची मुलं यायची. अप्पा सगळ्यांना समजावून सांगायचे, की छपरावर पडलेलं पाणी गटारात सोडणं म्हणजे पाप आहे.

ते खरंच होतं. फक्त ते पाणी हौदातून झाडापर्यंत कसं जातं, हे कुणी विचारत नसे.

अप्पांना मोटर चालत नव्हती. “मोटर लावली की माणसाला पाण्याची किंमत राहत नाही,” असं त्यांचं म्हणणं. दोराला बादली बांधून पाणी शेंदायचं आणि झाडाझाडाला घालायचं. सकाळ-संध्याकाळ. ते काम अक्कांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्कांचं उजवं मनगट वाकडं झालेलं होतं, पोळपाटावर लाटणं धरतानाही त्या ओठ चावायच्या. मग ते काम माझ्याकडं आलं.

माझे यजमान सोमनाथ लातूरला एका डाळमिलमध्ये होते. एका खोलीत राहायचे, शनिवारी यायचे. लग्न झालं तेव्हा ठरलं होतं, खोली बरी मिळाली की मला घेऊन जायचं. बरी खोली मिळाली. त्या शनिवारी ते अप्पांसमोर उभे राहिले.

“अप्पा, महानंदाला नेतो म्हणतो.”

“ने की. पण आता नको. बागेला पाणी कोण घालणार? हिचं मनगट हे असं. पावसाळा लागू दे.”

पावसाळा लागला. मग अप्पा म्हणाले, हौद भरू दे. मग दिवाळी होऊ दे. मग उन्हाळ्यात तर प्रश्नच नव्हता. असं करत दुसरा पावसाळा आला. सोमनाथ वडिलांपुढं दुसरं वाक्य बोलू शकत नसत. मला म्हणायचे, “थोडं थांब की. म्हातारा माणूस आहे.” रविवारी संध्याकाळच्या गाडीनं निघून जायचे. मी बादली उचलायची.

अक्का कमी बोलायच्या. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, असं घरात सगळे धरून चालायचे. एकदाच, मी पाणी शेंदत होते आणि त्या शेजारी झारी घेऊन उभ्या होत्या, तेव्हा स्वतःहून बोलल्या.

“माझी आई गेली तेव्हा चैत्र होता. औरादहून भाऊ आला बोलवायला. म्हणाला, अक्का, चल, तुझं नाव घ्यायलीय सारखी. हे म्हणाले, परवा पाहुणे येणार बाग बघायला, झाडं सुकली तर काय दाखवू? पाहुणे झाले की जा.”

“मग?”

“पाहुणे झाले. गेले मी.” त्यांनी झारी पुढं केली. “दारात पोचले तर बायका अंगण सारवायला लागल्या होत्या. संध्याकाळी परत आले. पाणी घालायचं होतं.”

त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं आणि त्या पुढच्या झाडाकडं गेल्या.

त्या वर्षी पावसानं मोठा खंड दिला. श्रावण कोरडा गेला, भाद्रपद कोरडा गेला. हौद तळाला लागला आणि पाण्याला वास यायला लागला, म्हणून अप्पांनी तो साफ करायला काढला होता. हस्त नक्षत्र लागलं होतं. दुपारी ढग यायचे, गडगडायचे आणि न पडता निघून जायचे. त्या दिवशीही आभाळ भरून आलं होतं, पण आता कुणी वर बघतही नव्हतं.

आत ओल होती आणि कुजका वास. मी घमेली उचलून शिडीवर चढायची, गाळ बाहेर ओतायची, परत उतरायची. मग अप्पा उकिडवे बसून कोपऱ्यातली चीर खरवडू लागले आणि मी बॅटरी धरली.

“अप्पा,” मी म्हणाले. त्यांची पाठ माझ्याकडं होती, म्हणून धीर झाला. “या दिवाळीनंतर मी लातूरला जाऊ का?”

“नीट धर. उजेड हालायलाय.”

मी नीट धरला.

“मनगटाला औषध चालू आहे तिच्या,” ते थापी फिरवत म्हणाले. “बरं झालं की बघू.”

दोन वर्षं त्या मनगटाला कुठलंच औषध चालू नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पुढं बोलणार, तेवढ्यात वर जोरात गडगडलं. वारा सुटल्याचा आवाज आला. आणि झाकण पडलं.

काळोख. फक्त माझ्या हातातल्या बॅटरीचा गोळा भिंतीवर.

“वाऱ्यानं पडलं,” अप्पा म्हणाले.

मग वरून दुसरा आवाज आला. लोखंडावर लोखंड सरकल्याचा. कोयंड्यात खिट्टी घातल्याचा तो आवाज मी रोज ऐकत होते. ढग आले की झाकण बंद करून खिट्टी घालायची, अंगणातलं घाण पाणी आत जाता कामा नये, हा अप्पांनीच घालून दिलेला नियम होता.

“अगं ए! मी आत आहे!” अप्पा ओरडले. “उघड!”

काही नाही.

“ऐकू गेलं नसेल त्यांना,” मी म्हणाले. “मी हाक मारू का?”

“तू गप्प बस. शिडी धर.”

ते वर चढले. झाकणावर मूठ आपटू लागले. लोखंडाचा आवाज आत इतका घुमत होता, की माझे कान बधिर झाले. “अगं उघड! शरणाबाई! उघड!” बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि मग पाऊस आला. इतक्या महिन्यांचा साठलेला पाऊस, वरून कुणीतरी खडी ओतत असल्यासारखा. अप्पांचा आवाज त्यात बुडून गेला.

ते थोडे खाली आले. दम लागला होता.

“पाणी आत येईल, अप्पा?”

“आधी खडीचा खड्डा भरेल. मग येईल.” त्यांनी वरच्या पाइपाकडं बोट दाखवलं. पाइपाचं तोंड भिंतीत अगदी वर होतं. “गच्ची मोठी आहे आपली. असाच राहिला तर…” ते थांबले.

“बंद नाही करता येत?”

“व्हॉल्व्ह बाहेर आहे.”

आम्ही दोघं त्या पाइपाकडं बघत राहिलो. आधी थेंब आले. मग बारीक धार. मग एकदम घशात अडकलेलं सुटावं तसा आवाज झाला आणि पाणी धो धो कोसळू लागलं. माझ्या पायाला थंड लागलं. बघता बघता घोट्याच्या वर आलं.

“तुला पोहता येतं?” अप्पांनी विचारलं.

“नाही.”

“मलापण नाही,” ते म्हणाले. “सगळी नोकरी पाण्याच्या खात्यात केली.”

ते हसतायत की काय, असं मला वाटलं. ते हसत नव्हते. चारी बाजूंनी भिंत, वर लोखंड आणि खाली चढणारं पाणी. मला एकदम जाणवलं, की ही जागा मला ओळखीची आहे. दोन वर्षं मी अशाच ठिकाणी राहत होते. फक्त तिथं पाणी मला शेंदावं लागत होतं.

पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा अप्पा पुन्हा वर चढले. झाकणाच्या एका कडेला बोटभर फट होती. त्यांनी तिथं डोळा लावला.

ते खूप वेळ तसेच राहिले. ओरडले नाहीत, मूठ आपटली नाही.

“काय दिसतंय, अप्पा?”

मग एकाएकी त्यांनी खांदा लावून झाकणाला धडक मारली. एकदा, दोनदा, वेड्यासारखी. तिसऱ्यांदा पायाखालची पायरी मोडली, शिडीचा एका बाजूचा बांबू सुटला आणि ते माझ्या अंगावरून पाण्यात पडले. माझ्या हातातली बॅटरी गेली. मी चाचपडत त्यांना धरलं. त्यांचा उजवा पाय टेकत नव्हता.

पाणी माझ्या कमरेवर आलं होतं. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. पाइपाचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. मग माझ्या कानाशी त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

“नंदा. माझ्या खांद्यावर चढ.”

“काय?”

“चढ. फटीशी तोंड ने आणि हाक मार तिला.”

“तुमचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, अप्पा. तुमचा पोचला नाही तर माझा…”

“माझ्या आवाजानं काही होणार नाही,” ते म्हणाले. “तू मार हाक. तुझं नाव सांग. नाव सांगायला विसरू नको.”

“पाय लागतील तुम्हाला.”

“लागू देत गं, पोरी.”

‘पोरी’ असं त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, मी तीत पाय दिला, भिंतीला धरून आधी एक आणि मग दुसरा पाय त्यांच्या खांद्यावर ठेवला. त्या दुखऱ्या पायावर ते कसे उभे राहिले, मला माहीत नाही. माझे हात झाकणाला लागले. मी फटीला डोळा लावला.

बाहेर करडा उजेड होता. पावसाच्या धारा. आणि हात लांबवला तर लागतील इतक्या जवळ दोन पाय. अक्कांचे. त्यांच्या हिरव्या लुगड्याचा काठ पाण्यानं जड होऊन घोट्याला चिकटला होता. जोडवी दिसत होती. ते पाय चालत नव्हते, कुठं जात नव्हते, कुठून आलेही नव्हते. त्या तिथं पावसात उभ्या होत्या. केव्हापासून, हे त्यांच्या लुगड्याकडं बघून कळत होतं.

अप्पांनी हेच पाहिलं होतं.

माझ्या तोंडून आवाज फुटला तो रडण्यासारखा. “अक्का! अक्का, मी आहे! नंदा! मी आत आहे!”

ते पाय दचकले. एक पाय मागं गेला. मग दोन्ही गुडघे धपकन चिखलात टेकले आणि खिट्टी सरकली. झाकण इतक्या जोरात उघडलं, की उजेडानं माझे डोळे मिटले.

“तू?” अक्कांचा चेहरा माझ्या चेहऱ्याशी होता. केसांतून पाणी ओघळत होतं. “तू बाजाराला गेली होतीस ना? तू तर बाजाराला गेली होतीस!”

त्यांनी त्या वाकड्या मनगटाच्या हातानं मला काखेत धरून वर ओढलं. मी कडेला पोट टेकवून, पाय झाडत बाहेर आले आणि चिखलात तशीच पडून राहिले. अक्का माझ्या तोंडावरून, डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. “तू कशाला गेलीस आत? तू कशाला गेलीस?” एवढंच म्हणत राहिल्या.

मी उठून बसले. “अक्का, अप्पा आत आहेत.”

त्यांचा हात थांबला.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी हौदात पाहिलं. अप्पा छातीभर पाण्यात, भिंतीला टेकून उभे होते. तोंड वर केलेलं होतं. पाइपातून पाणी त्यांच्या शेजारी कोसळत होतं. ते अक्कांकडं बघत होते. ‘दोर टाक’ म्हणाले नाहीत, ‘वर काढ’ म्हणाले नाहीत. अक्काही बघत होत्या. मला वाटलं आता मी काहीतरी करायला हवं, पळायला हवं, कुणाला तरी बोलवायला हवं. पण मी चिखलात तशीच बसून राहिले. पाऊस तिघांवरही सारखाच पडत होता.

मग अक्का उठल्या. खडीच्या खड्ड्याशी गेल्या आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह फिरवला. तो त्यांना एका झटक्यात फिरेना. त्या अंगाचा भार टाकून फिरवत राहिल्या. पाइपातली धार बारीक झाली, थांबली आणि गच्चीचं सगळं पाणी फाटकाबाहेरच्या गटारात धावू लागलं.

परत येताना त्यांनी पाणी शेंदायचा दोर आणला. एक टोक लिंबाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं आत सोडलं.

“काखेखालून बांधा,” त्या म्हणाल्या. “गाठ घट्ट मारा.”

अप्पांनी बांधली. आम्ही दोघींनी त्यांना वर ओढलं.

संध्याकाळी पाऊस थांबला. अप्पा ओसरीवर पाय लांब करून बसले होते आणि अक्का त्यांच्या घोट्याला आंबेहळदीचा लेप लावत होत्या.

“उद्या मी औरादला जाते,” अक्का म्हणाल्या. “भावाकडं.”

अप्पांनी मान हलवली. “किती दिवस?”

“ते तिथं गेल्यावर बघेन.”

लेप वाळेपर्यंत त्या तिथंच बसून होत्या. त्यांची बोटं पिवळी झाली होती.

शनिवारी सोमनाथ आले. मोडकी शिडी, वडिलांचा सुजलेला पाय पाहून घाबरले. “झालं तरी काय?”

मी अप्पांकडं पाहिलं.

“वाऱ्यानं झाकण पडलं,” अप्पा म्हणाले. “तुझ्या आईनं उघडलं म्हणून वाचलो. आणि ऐक. हिला घेऊन जा उद्या. सामान बांधलंय तिनं.”

सामान मी बांधलेलं नव्हतं. पण त्या रात्रीत बांधलं.

पुढं अप्पांनी हौदाला मोटर बसवली. अक्का औरादहून परत आल्या त्या पुढच्या महिन्यात, हवापालट झालेल्या माणसासारख्या. नंतर वर्षातून दोन-तीनदा जात राहिल्या. निघताना परवानगी मागत नसत, सांगत. त्या नसल्या की अप्पा स्वतः नळी धरून बागेत फिरायचे. बाग पूर्वीइतकी राहिली नाही. बघायला येणारी माणसंही कमी झाली. दोघं एकत्र बरीच वर्षं राहिले, आणि माझ्या पाहण्यात तरी एकमेकांवर कधी आवाज चढवला नाही.

अप्पा गेल्यावर आम्ही अक्कांना लातूरला आणलं. एका दुपारी त्या माझ्यासमोर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मुलं शाळेत, सोमनाथ मिलमध्ये. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं.

“अक्का, मी हाक मारली नसती तर?”

त्यांनी वर पाहिलं नाही. शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“ह्यांनीपण विचारलं होतं,” त्या म्हणाल्या.

“अप्पांनी? कधी?”

“शेवटच्या आजारपणात. अंथरुणावर पडून होते. सकाळची वेळ होती. म्हणाले, एक विचारू? खरं सांगशील? पोर आत नसती तर उघडलं असतंस का?”

मी सूप बाजूला सारलं. “मग काय सांगितलं तुम्ही?”

“खरं सांगितलं. म्हटलं, मला ठाऊक नाही. तेव्हाही ठाऊक नव्हतं. झाकण लावलं ते सवयीनं लावलं, देवाशपथ. मग ह्यांचा आवाज आला. हात पुढं गेला होता माझा. पण खिट्टीपाशी जाऊन थांबला. का थांबला, किती वेळ थांबणार होता, मला ठाऊक नाही.”

“अप्पा काय म्हणाले?”

अक्कांनी हातातली शेंग तशीच धरून ठेवली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“काही नाही. बघत राहिले माझ्याकडं. मग प्यायला पाणी मागितलं,” त्या म्हणाल्या. “मी दिलं. सगळं प्याले.”